कागदावर आहे तेवढंच

अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी एसीटी परीक्षेचा अभ्यास सुरू केलास आणि इतके दिवस फक्त गणितच सोडवतो आहेस, असं तुझा बाबा सांगत होता. आपल्या घरांत असंच होतं. गणित आपलं आणि इंग्रजी इथल्या पोरांचं, असं आपण मनाशी धरून बसतो. म्हणून आधी हिशेब सांगते. या परीक्षेत प्रत्येक विभागाला 1 ते 36 गुण असतात. 2025 मध्ये नवा नमुना आला, त्यात एकूण गुण म्हणजे इंग्रजी, गणित आणि वाचन या तिन्हींची सरासरी. विज्ञान ऐच्छिक झालं आणि त्याचे गुण वेगळे दाखवतात. पूर्वी चारांतले दोन भाग भाषेचे होते, आता तिनांतले दोन आहेत. गणितात 34 मिळाले आणि इंग्रजी-वाचनात 22-22, तर एकूण 26. गणितात 30 च मिळाले पण भाषेच्या दोन्ही भागांत 28-28, तर एकूण 29. आता तूच ठरव, रात्रीचे तास कुठे घालायचे ते.

तू नाशिकहून दहावी करून आलास, अकरावी इथे विस्कॉन्सिनमध्ये. या राज्यात सरकारी शाळेतल्या अकरावीच्या मुलांची एसीटी वसंतात शाळाच घेते, म्हणजे ती तुझ्याही वाट्याला येणारच. माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून या परीक्षेची तयारी केलेली मुलं इतकी वर्षं बघते आहे. तिकडून मोठी होऊन आलेल्या मुलांजवळ एक ठेव असते आणि एक सवय आड येते. ठेव व्याकरणाची. सवय मनचं घालण्याची. इंग्रजीच्या भागात ठेव वापरायची आणि वाचनाच्या भागात सवय सोडायची, एवढंच मला तुला सांगायचं आहे. बाकीचं सगळं त्याचा तपशील.

आधी इंग्रजीचा भाग. 50 प्रश्न, 35 मिनिटं. म्हणजे प्रश्नाला 42 सेकंद. उतारा दिलेला असतो, त्यातले काही शब्द अधोरेखित, आणि विचारतात की इथे काय असायला हवं. चार पर्यायांत बऱ्याचदा पहिला असतो ‘नो चेंज’, म्हणजे आहे तसंच ठीक. इथे जन्मलेली मुलं हे कानाने सोडवतात. वाक्य मनात म्हणतात, जे बरं वाटतं ते निवडतात. बहुतेक वेळा बरोबर येतं, पण अवघड प्रश्नावर कान दगा देतो, कारण परीक्षा घेणाऱ्यांनी चुकीचा पर्यायच कानाला गोड लागेल असा रचलेला असतो. तुझा इंग्रजीचा कान अजून तयार नाही, त्याची चिंता करू नकोस. आठवी-नववीच्या मराठी व्याकरणात तू केवलवाक्य, संयुक्तवाक्य, मिश्रवाक्य शिकलास. प्रधानवाक्य कोणतं, गौणवाक्य कोणतं, हे तुला ओळखता येतं. इथल्या कितीतरी हुशार मुलांना ते सांगता येत नाही. विरामचिन्हांचे बहुतेक प्रश्न याच ओळखीवर उभे आहेत.

पहिला नियम: दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत. मराठीत आपण श्वास घेतो तिथे स्वल्पविराम देतो, आणि ‘पाऊस आला, आम्ही परत फिरलो’ हे चालून जातं. इंग्रजीत या परीक्षेत ते चूक आहे. मध्ये पूर्णविराम तरी हवा, अर्धविराम तरी, नाहीतर स्वल्पविरामासोबत ‘अँड’, ‘बट’, ‘सो’ यांपैकी एखादा जोडशब्द. म्हणून प्रश्न आला की आधी खुणेच्या डावीकडे बघ, मग उजवीकडे. दोन्हीकडे कर्ता आणि क्रियापद असलेलं, स्वतःच्या पायावर उभं राहणारं वाक्य आहे का? असेल तर एकटा स्वल्पविराम खोड. नसेल तर अर्धविराम खोड. अशा दोन वाक्यांमध्ये या परीक्षेत अर्धविराम आणि पूर्णविराम एकच काम करतात. त्यामुळे दोन पर्यायांत शब्द सारखेच असतील, फक्त एकात पूर्णविराम आणि एकात अर्धविराम असेल, तर ते दोन्ही एकदमच बाद. दोन बरोबर उत्तरं असूच शकत नाहीत. हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात, कारण न वाचता दोन पर्याय गेले.

अपूर्णविराम, म्हणजे दोन टिंबं, यायचा असेल तर त्याच्या आधीचा भाग पूर्ण वाक्य हवा. नंतर यादी असो वा खुलासा, त्याला बंधन नाही. आणि वाक्याच्या मधोमध जादा माहिती घातली असेल, तर ती ज्या खुणेने उघडली त्याच खुणेने बंद झाली पाहिजे. स्वल्पविरामाने उघडून डॅशने बंद केलेली चालत नाही. जादा माहिती कोणती, हे ओळखायला ती काढून बघ. ‘माय ग्रँडमदर, हू लिव्ह्ज इन नाशिक, लव्ह्ज क्रिकेट.’ मधला तुकडा काढला तरी आजी तीच राहते, म्हणून दोन स्वल्पविराम. ‘स्टुडंट्स हू प्रॅक्टिस डेली इम्प्रूव्ह.’ इथे मधला तुकडा काढला तर कोणते विद्यार्थी हेच कळत नाही, म्हणून एकही नाही.

क्रियापदाच्या बाबतीत आपल्या मुलांनी थोडं जास्त सांभाळावं. मराठीत क्रियापद कधी कर्त्याशी जुळतं, कधी कर्माशी. रामने आंबा खाल्ला, रामने पोळी खाल्ली. इंग्रजीत ते फक्त कर्त्याशी जुळतं, आणि परीक्षा घेणारे कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये मुद्दाम लांबलचक काहीतरी टाकतात. ‘द बॉक्स ऑफ ओल्ड लेटर्स’ असं आलं की कर्ता बॉक्स आहे, पत्रं नव्हेत, म्हणून पुढे ‘इज’. कर्त्यावर बोट ठेव, ‘ऑफ’पासूनचा तुकडा मनात झाक, आणि मग क्रियापद वाच.

याच्याच शेजारची आणखी एक. ‘रनिंग फॉर द बस, माय बॅग फेल.’ तुला यात चूक जाणवणार नाही, कारण ‘बससाठी धावताना माझी बॅग पडली’ हे मराठीत सरळ आहे. इंग्रजीत मात्र सुरुवातीचा तुकडा स्वल्पविरामानंतर लगेच येणाऱ्या नामाला चिकटतो, म्हणजे धावत होती ती बॅग. असा तुकडा वाक्याच्या तोंडाशी दिसला की थांब आणि विचार: हे करतंय कोण? त्याचं नाव स्वल्पविरामानंतर पहिलं आलं पाहिजे.

‘इट्स’च्या दोन रूपांत गोंधळ होत असेल तर अ‍ॅपॉस्ट्रॉफी दिसली की ते सोडवून ‘इट इज’ म्हणून बघ. बसलं तर ठीक, नाही तर दुसरं रूप. ‘हूज’चंही तसंच. काळाच्या प्रश्नात त्याच परिच्छेदातली न अधोरेखित क्रियापदं बघ, ती बरोबरच असतात आणि तीच सांगतात की गोष्ट कोणत्या काळात चालली आहे.

आता लेखनाचे प्रश्न, म्हणजे व्याकरण नव्हे, तर काय ठेवावं आणि काय काढावं. इथे तुझे निबंध आड येतील. शाळेत एकच गोष्ट तीन विशेषणांनी सांगितली की बाई शाबासकी द्यायच्या. ही परीक्षा थोडक्यात सांगणाऱ्याला गुण देते. ‘द अ‍ॅन्युअल फेअर इज हेल्ड एव्हरी इयर’ यात शेवटचे दोन शब्द फुकट आहेत. चारही पर्याय व्याकरणाने शुद्ध आणि अर्थाने सारखे असतील तर सर्वांत आखूड पर्याय आधी तपास. अधोरेखित भाग काढूनच टाका असा पर्याय दिलेला असेल तर त्याला घाबरू नकोस, तो पुष्कळदा बरोबर असतो. ‘नो चेंज’लाही घाबरायचं नाही. प्रश्न विचारलाय म्हणजे काहीतरी चुकलेलंच असणार, असं मुलांना वाटतं. तसं नसतं.

‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’, ‘फॉर एक्झाम्पल’ असले जोडशब्द निवडताना पर्याय बघू नकोस. आधी तो शब्द बोटाने झाक, मागचं वाक्य वाच, पुढचं वाच, आणि मराठीत स्वतःला सांग: पण, म्हणून, शिवाय, की उदाहरणार्थ? मग पर्यायांत तो शोध. इथे मराठीत विचार करणं अडचणीचं नाही, उलट फायद्याचं आहे. आणि ‘लेखकाने हे वाक्य घालावं का’ अशा प्रश्नात दोन पर्याय ‘हो’चे आणि दोन ‘नाही’चे असतात, प्रत्येकापुढे कारण. कारण आधी वाच. चारांतली काही कारणं उताऱ्याबद्दल चक्क खोटं सांगतात, ती गेली की काम सोपं होतं.

एक गोष्ट मात्र कधी चुकवू नकोस: अधोरेखित भागापाशी थांबू नकोस, वाक्य शेवटपर्यंत वाच. अर्धं वाचून उत्तर देणाऱ्या मुलांना 42 सेकंद पुष्कळ वाटतात आणि गुण तिथेच जातात.

वाचनाचा भाग वेगळा. 40 मिनिटांत चार उतारे आणि 36 प्रश्न. म्हणजे उताऱ्याला 10 मिनिटं, त्यातली तीन-साडेतीन वाचायला आणि उरलेली उत्तरांना. पुण्याच्या ताईने तुला सॅटची पुस्तकं पाठवली आहेत, ती इंग्रजीच्या व्याकरणाला चालतील, वाचनाला फारशी नाहीत. सॅटमध्ये आता छोटा उतारा आणि त्यावर एकच प्रश्न असतो. इथे पूर्ण लांबीचा उतारा डोक्यात धरून बसावं लागतं.

तुमच्या बोर्डाच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखालची शेवटची कृती ‘पर्सनल रिस्पॉन्स’ची असायची. तुला काय वाटतं ते लिही. तू ते छान लिहायचास, मी वाचलंय. पण या परीक्षेत तुला काय वाटतं हे कुणी विचारत नाही, एकदाही नाही. उत्तर उताऱ्यात असतं, आणि ज्याच्या ओळीवर बोट ठेवता येत नाही ते उत्तर नव्हे. मी मुलांना प्रत्येक उत्तराला ‘कुठं आहे?’ एवढंच विचारते. ओळ दाखवली तरच खूण करू देते. सुरुवातीला कंटाळतात, नंतर त्यांच्या हाताला सवय लागते.

ओळखीच्या विषयावर हे फार कठीण जातं. समजा हेन्री ब्लॅनफर्डवर उतारा आला. भारतीय हवामान खातं 1875 मध्ये सुरू झालं तेव्हाचा हा पहिला प्रमुख. हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा अंदाज बांधण्याचा त्याने प्रयत्न केला. प्रश्नात विचारलं की उताऱ्यानुसार त्याच्या कामाचं महत्त्व काय. एक पर्याय म्हणेल की पाऊस हुकला की शेतकरी कर्जात बुडतो. तू गोदावरीकाठचा, तुला हे मनापासून पटेल, आणि ते खरंही आहे. पण उताऱ्यात शेतकऱ्याचं कर्ज आलंच नसेल तर तो पर्याय चूक. ज्या विषयातलं तुला काहीच माहीत नाही, उदाहरणार्थ आयोवातल्या मातीतली बुरशी, तिथे तू कमी चुकशील. म्हणून आपल्या देशाबद्दलचा उतारा दिसला की आनंदाने सैल पडू नकोस, दुप्पट सावध हो.

चुकीचे पर्याय ठरावीक तऱ्हेचे असतात. एकात अर्धा भाग बरोबर आणि अर्धा बनावट; तो सगळ्यांत जास्त मुलांना पाडतो, म्हणून पर्याय शेवटच्या शब्दापर्यंत तपासायचा. एकात उताऱ्यातलेच शब्द उचललेले, पण दुसऱ्या परिच्छेदातले. एकात ‘ऑल्वेज’, ‘नेव्हर’, ‘ओन्ली’ असा टोकाचा शब्द, जो लेखकाने कुठेही वापरलेला नाही. बरोबर पर्याय बहुधा साधा, बेताचा असतो आणि उताऱ्यातलीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगतो. ओळीचा क्रमांक दिला असेल तर नेमकी तेवढीच ओळ वाचू नकोस, दोन ओळी वरून सुरू कर आणि दोन ओळी खाली थांब.

अनुमानाच्या प्रश्नात एकच पाऊल पुढे जायचं. गोष्टीत मुलीने वडिलांचं पत्र न वाचता घडी घालून खणात ठेवलं, तर ‘ती पत्र वाचायला अजून तयार नाही’ इथपर्यंत जाता येतं. ‘तिला वडिलांचा राग आहे’ हे दुसरं पाऊल, आणि राग दाखवणारं आणखी काही उताऱ्यात नसेल तर ते तुझं आहे, लेखकाचं नाही. कथेचे उतारे आपल्या मुलांना जड जातात, कारण तिथली घरं, तिथलं बोलणं परकं. त्यावर माझा उपाय असा, की पात्रांच्या मनात काय आहे ते न शोधता आधी त्यांनी काय केलं आणि काय बोलले तेवढं बघावं. त्यातूनच मन कळतं.

शब्दांच्या याद्या पाठ करण्यात वेळ घालवू नकोस. परीक्षा अवघड शब्द कमी विचारते, ओळखीचा शब्द अनोळखी अर्थाने जास्त विचारते. ‘ग्रेव्ह’ म्हणजे थडगं, पण इथे गंभीर. ‘नॉव्हेल’ म्हणजे कादंबरी, पण इथे नवं. ‘अरेस्ट’ म्हणजे अटक, पण इथे वाढ थांबवणं. शब्दाच्या जागी एकेक पर्याय घालून पूर्ण वाक्य वाचायचं, बस्स. जोडीने दोन उतारे आले तर पहिला वाचून त्याचेच प्रश्न सोडव, मग दुसरा, आणि दोन्हींची तुलना करणारे प्रश्न शेवटी.

चार उतारे छापलेल्या क्रमानेच सोडवले पाहिजेत असंही नाही. विभागाच्या आत पुढे-मागे जाता येतं. तुला विज्ञान बरं जातं तर त्याचा उतारा आधी घे आणि कथा शेवटी ठेव. मात्र हा क्रम सरावातच ठरव, परीक्षेच्या दिवशी नाही.

आणि रिकामं काही सोडायचं नाही. तुझ्या दादाने तिकडे ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा दिली, तिथे चुकीला एक गुण कापतात, म्हणून येत नसेल ते सोड असं तो सांगेल. त्याचा सल्ला त्याच्या परीक्षेला बरोबर आहे. एसीटीत चुकीचे गुण कापत नाहीत. शेवटचं मिनिट राहिलं की उरलेल्या सगळ्या प्रश्नांना एकच अक्षर भरून टाक. काही प्रश्न नुसते चाचणीपुरते असतात, त्यांचे गुण धरत नाहीत, पण ते कोणते हे ओळखता येत नाही, त्यामुळे एखादा विचित्र प्रश्न आला तरी त्यावर अडून बसायचं नाही.

सरावाचं सांगते. एसीटी घेणाऱ्या संस्थेचे अधिकृत सराव पेपर फुकट मिळतात, आधी तेच. इंग्रजीचे 75 प्रश्न आणि वाचनाचे 40 असलेले जुन्या नमुन्याचे पेपर ग्रंथालयात सापडतील, तेही उपयोगी आहेत. व्याकरण बदललेलं नाही, फक्त वेळेचा हिशेब नवा धर. वाचनाचा विभाग गणितानंतर येतो, म्हणजे डोकं थकलेलं असताना. म्हणून सरावातही सकाळी ताज्या मनाने नुसतं वाचन सोडवू नकोस, गणित संपवून लगेच बस. शाळेबाहेर दिली तर परीक्षा शनिवारी सकाळी असते, तेव्हा पूर्ण पेपर शनिवारी सकाळीच सोडव.

पेपर सोडवण्यापेक्षा तपासण्याला जास्त वेळ दे. माझ्याकडच्या ज्या मुलांचे गुण खरोखर वाढले, त्या सगळ्यांकडे चुकांची वही होती. वहीत ‘निष्काळजीपणा’ असं लिहायचं नाही, त्यातून काही कळत नाही. बरोबर उत्तर का बरोबर, आपलं का चूक, आणि आपल्याला ते का खरं वाटलं, अशी तीन वाक्यं. मराठीत लिही हवं तर. अंदाजाने बरोबर आलेला प्रश्नही त्यात घाल, कारण पुढच्या वेळी तोच चुकेल.

ही परीक्षा 1959 मध्ये आयोवा विद्यापीठातल्या ई. एफ. लिंडक्विस्ट यांनी सुरू केली, ती शाळेत शिकलेलं मुलाला किती वापरता येतं हे बघण्यासाठी. स्वतंत्र वाचन विभाग 1989 मध्ये आला. तुला हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे काही पालक तिला बुद्धीची परीक्षा समजतात आणि कमी गुण आले की मुलाचं तोंड उतरतं. शिकता येईल तेवढंच इथे विचारतात. पहिल्यांदा कमी आले तर पुन्हा देता येते, आणि पुष्कळ महाविद्यालयं वेगवेगळ्या वेळचे सर्वांत चांगले विभाग एकत्र करून धरतात.

रोज अर्धा तास असं काही वाच, जे तू एरवी वाचलं नसतंस. क्रिकेटचं वाचन यात धरायचं नाही. गावातल्या ग्रंथालयाचं कार्ड फुकट आहे. तिथे स्मिथसोनियन मासिकाचे अंक असतील, एखाद्या चित्रकारावरचा, जुन्या पुलावरचा, मधमाश्यांवरचा लेख घे. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून मनात एक वाक्य म्हण: याने इथे काय केलं? माहिती दिली, आक्षेप घेतला, की उदाहरण दिलं? वाचन विभागातले निम्मे प्रश्न तुला मग ओळखीचे वाटतील.

परीक्षेच्या दिवसाचं फार नाही. ओळखपत्र, प्रवेशपत्र, लाकडी पेन्सिली, गजर नसलेलं साधं घड्याळ. फोन पूर्ण बंद करून ठेव. वाजला तर परीक्षेतून उठवतात, मग कितीही पोटतिडकीने सांगितलं तरी उपयोग नसतो.

आणि हे तुझ्या बाबालाही माहीत नसेल. शाळेने तुझी नोंद इंग्रजी शिकणारा विद्यार्थी म्हणून केली असेल, तर एसीटीत तुला जादा वेळ मिळू शकतो, दीडपटीपर्यंत, आणि मान्यता असलेला द्विभाषिक शब्दकोश जवळ ठेवायला मिळू शकतो. अशा सवलतीने मिळवलेले गुण महाविद्यालयांना पाठवता येतात. त्यात कमीपणा काही नाही. पण अर्ज शाळेमार्फत जातो आणि मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते, म्हणून सोमवारी पहिल्या तासाआधी समुपदेशक बाईंना भेट आणि तुझी नोंद कशी आहे ते विचार. त्या काय म्हणाल्या ते मला संध्याकाळी फोनवर सांग.